कुंडीत वड लावणं पाप आहे का?



"अगंबाई, जैन असून बोन्साय करता तुम्ही?" हा प्रश्न मला आता तोंडपाठ झाला आहे. महिला मंडळात तो येतो, लग्नाच्या मांडवात येतो, आणि आमच्या गच्चीवर पहिल्यांदा आलेली पाहुणी तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारते. विचारणारीच्या आवाजात झाडाबद्दलचा खरा कळवळा असतो, आणि "आता सापडली ही" असा थोडासा आनंदही असतो. एकेकीला उत्तर देऊन दमले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुंडीत वड लावणं आपल्या स्वयंपाकघरात रोज घडतं त्याहून मोठं पाप नाही. पण बोन्साय बाजारातून आणून त्यांचा संग्रह वाढवत नेणं, तो मिरवणं, आणि त्याला हाडांचा चुरा घालणं, हे मात्र आपल्याला शोभत नाही. आता हे का, ते बघू.

पहिला आक्षेप असा की बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजं करायचं. हे साफ खोटं आहे. उपाशी झाड रोडावतं आणि शेवटी मरतं. बोन्साय हा जपानी शब्द आहे. बोन म्हणजे उथळ तबक, साय म्हणजे लावणं. कला मूळची चीनची, जपानने ती उचलली आणि आपल्या पद्धतीने वाढवली. आपल्याकडे जुने लोक याला वामनवृक्ष म्हणतात, आणि मला तोच शब्द आवडतो. हे झाड जातीने लहान नसतं. त्याचं बी जमिनीत पडलं तर पूर्ण वाढीचा वृक्ष होतो. इतकंच काय, दहा वर्षं तबकात असलेला वड बांधावर नेऊन लावला तर तोही दोन पावसाळ्यांत हात-पाय पसरायला लागतो. त्याचा आकार राखला जातो तो फांद्या आणि मुळं छाटून, पाणी आणि खत तोडून नव्हे. उलट उथळ तबकात माती इतकी थोडी असते की साध्या कुंडीतल्या झाडापेक्षा याला जास्त वेळा पाणी आणि थोडं थोडं पण नियमित खत लागतं. एक गंमत सांगते. छाटणीने पानं बारीक होत जातात, पण फळ लहान होत नाही. वीतभर झाडाला लिंबू लागलं तर ते नेहमीएवढंच लागतं, आणि फांदी बिचारी वाकून जाते.

दुसरा आक्षेप वास्तूवाल्यांचा. घरात बोन्साय असलं की घराची वाढ खुंटते म्हणे. आपल्या कुठल्या ग्रंथात हे आहे ते मला कुणीतरी दाखवावं, मग बोलू. घराची बरकत कुंडीतल्या झाडावर ठरत असती तर कर्मसिद्धांत शिकायची गरजच उरली नसती. या आक्षेपावर याहून जास्त शाई घालवणार नाही.

तिसरा आक्षेप हसत हसत केला जातो, पण तो मला जास्त टोचतो. "बाईचं बोन्साय" हा शब्दप्रयोग. भाषणात, कवितेत, महिला दिनाच्या कार्यक्रमात हमखास येतो. बाईला छाटून छाटून कुंडीत बसवलं, असं म्हणायचं असतं. त्यामागचं दुःख मला कळतं. माझ्या सासूबाईंच्या पिढीने काय सोसलं ते मी जवळून पाहिलं आहे. पण ज्या बाईचं बोन्साय झालं असं आपण म्हणतो, तिला रोज दोनदा कुणी पाणी विचारलं होतं का? ऊन लागतंय का, सावली जास्त होतेय का, मुळाला हवा मिळते का, हे कुणी वाकून पाहिलं होतं का? तिच्या वाट्याला नुसती कात्री आली. झाडाशी तिची तुलना करताना आपण झाडावरही अन्याय करतो आणि त्या बाईच्या दुःखालाही फार सौम्य नाव देतो. म्हणून मी ही उपमा वापरत नाही, आणि कुणी वापरली की गप्प बसत नाही.

आता खरा आक्षेप. तो आपल्या घरातला आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही.

वनस्पती हा एकेंद्रिय जीव. त्याला स्पर्शन हे एकच इंद्रिय, पण स्पर्शन इंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य असे चार प्राण त्याला आहेत, हे आपण पाठशाळेतच शिकतो. श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, म्हणून अणुव्रतात तेवढी सवलत आहे. पण सवलतीलाही कुंपण आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत, त्यात प्रमादचर्या येते. विनाकारण माती खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं आणि विनाकारण वनस्पती तोडणं. "विनाकारण" हा शब्द महत्त्वाचा. कोथिंबीर चिरतो ती पोटासाठी. वडाची फांदी छाटतो ती कशासाठी? डोळ्यांना बरं वाटावं म्हणून?

माझ्या नणंदेने हा मुद्दा मला पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत विचारला. ती स्वाध्याय करणारी आहे, उगाच टोचायचं म्हणून बोलणारी नाही. "वहिनी, खाणं गरज आहे, शोभा गरज नाही," एवढंच ती म्हणाली. आणि ते बरोबर आहे. जी बाई दुकानातून बोन्साय आणते, दिवाणखान्यात ठेवते, पाहुण्यांना दाखवते आणि सुकलं की दुसरं आणते, तिच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही. असंच असेल तर बोन्साय करू नये, हे मी नणंदेच्याही आधी म्हणेन.

पण आपल्या बस्तीच्या शिखराकडे एकदा मान वर करून बघा. पावसाळा संपता संपता तिथे हिरवे ठिपके दिसतात. पिंपळ, वड, उंबर. पाखरं फळं खातात, शिखरावर बसतात, त्यांच्या विष्ठेतून बी पडतं, चुन्याच्या भेगेत रुजतं. वाड्याच्या पन्हाळीत, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, पाइपाच्या सांध्यात, सगळीकडे हेच. त्यांना तिथे ठेवता येत नाही. बोटाएवढं मूळ दहा वर्षांत मनगटाएवढं होतं आणि दगड फोडतं. मग दरवर्षी रंगाऱ्याला किंवा गवंड्याला वर चढवलं जातं. तो उपटतो, तुटून राहिलेल्या मुळावर ॲसिड ओततो. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी हे करावंच लागतं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ती रोपं मरणारच आहेत हे ठरलेलं असतं. माझ्या गच्चीवरचं एकही झाड विकत आणलेलं नाही. सगळी अशा भिंतींवरून उतरवलेली आहेत.

म्हणजे माझ्या हातून हिंसा होतच नाही असं नाही. मी मुळं कापते. फांद्या कापते. पण जो जीव ॲसिडखाली जाणार होता तो जगतो, आणि त्याला जगवायचं तर गच्चीवरच्या जागेत मावेल एवढाच ठेवावा लागतो. मला हे कारण पुरेसं वाटतं. तुम्हाला नाही वाटलं तर तुमच्या मताचा मला आदर आहे. फक्त मग भिंतीवरच्या रोपाचं तुम्ही काय करता तेही सांगा.

कापायचं किती, याचं उत्तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. षट्लेश्येची गोष्ट. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले वाटसरू येतात. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो मोठ्या फांद्या तोडू, तिसऱ्याला डहाळ्या हव्यात, चौथ्याला घोस, पाचव्याला फक्त पिकलेली फळं, आणि सहावा म्हणतो खाली पडलेली आहेत तीच खाऊ की. पाठशाळेच्या भिंतीवर हे चित्र असतं आणि आपण ते बघून सोडून देतो. मी कात्री हातात घेते तेव्हा ते चित्र मला आठवतं. तीन पानांनी काम भागणार असेल तर फांदी कशाला?

एक बारकावा माझ्या जैन मैत्रिणींसाठी. बोन्साय शिकवणारे सांगतात, कोंब फुटला की बोटांनी खुडा. आपल्या शास्त्रात कोवळ्या पालवीत अनंत जीवांचा आश्रय मानलेला आहे, म्हणून कंदमुळांइतकंच तिलाही जपायचं. मी कोंब खुडत नाही. फांदीला सहा-आठ पानं येऊ देते, ती उघडून जून होतात, मग मागची दोन-तीन ठेवून पुढची छाटते. आणि मजा बघा, वड-पिंपळाच्या जातींना हीच पद्धत मानवते. फांदी आधी पोसली जाते, मग कापलेल्या जागेखालून दोन नवे फुटवे निघतात. चीनमधल्या ग्वांगडाँग भागातली जी लिंगनान शैली आहे, ती सगळी "वाढू द्या आणि कापा" याच तत्त्वावर उभी आहे. त्यात तारेला फारसं काम नसतं.

तारेबद्दल माझं मत ठाम आहे. ॲल्युमिनियमची तार फांदीला गुंडाळून हवं तसं वळण द्यायचं, ही सगळीकडे शिकवली जाणारी पद्धत. नीट केली, वेळेवर काढली, तर झाडाला इजा होत नाही असं म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण आपल्या पावसाळ्यात वडाची फांदी इतकी झपाट्याने जाड होते की दोन-तीन महिन्यांतच तार सालीत रुतते. प्रदर्शनात गेलात तर फांद्यांवर स्क्रूसारखे पीळ दिसतात ना, ते या रुतलेल्या तारेचे व्रण. माझ्या झाडांना तार नाही. एखादी फांदी खाली आणायची असेल तर सुतळीने सैल बांधते आणि वाट बघते. आकार थोडा ओबडधोबड येतो. येऊ दे.

आता खत. हा भाग कृपया लक्ष देऊन वाचा. बोन्सायच्या बहुतेक पुस्तकांत आणि वर्गांत मातीच्या मिश्रणात "बोनमील" सांगितलेलं असतं. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. मेलेल्या जनावरांची हाडं दळून केलेला. नर्सरीत तयार माती मिळते, त्यातही तो असतो, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत "सेंद्रिय" लिहिलेलं असतं. सेंद्रिय म्हणजे निरामिष नव्हे! रक्ताचं खत असतं, मासळीचं खत असतं, तेही सेंद्रियच. आपण बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधतो, पण खताच्या पिशवीवर तसला ठिपका नसतो. म्हणून दुकानदाराला विचारायचं, आणि त्याने "काय फरक पडतो ताई, झाडच खाणार आहे" असं म्हटलं तरी पिशवी परत ठेवायची. मला एका नर्सरीत अगदी हेच ऐकवलं गेलं आणि मी रिकाम्या हाताने परत आले. हाडाच्या चुऱ्यातून झाडाला स्फुरद आणि चुना मिळतो. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट मिळतं, ते खडकातून काढतात. माझं मिश्रण साधं आहे: निम्म्याहून जास्त विटांचे बारीक तुकडे, चाळून धूळ काढलेले. बाकी लाल माती आणि पूर्ण कुजलेलं, वास न येणारं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. विटांचे तुकडे पाणी धरतात आणि जास्तीचं सोडूनही देतात, म्हणून मुळं कुजत नाहीत. गांडूळखत मी वापरत नाही. त्यात गांडुळांची अंडी आणि बारकी गांडुळं येतात, आणि उन्हात तापणाऱ्या उथळ तबकात त्यांचं काय होणार ते सांगायला नको. मोहरीची पेंड पाण्यात सडवून घालायची पद्धतही अनेक जण सांगतात. त्या बादलीत आठ दिवसांनी काय वळवळतं ते एकदा बघितलेली बाई पुन्हा ती करणार नाही.

कीड हा सगळ्यात अवघड प्रश्न. इथे एकेंद्रियाची नव्हे, त्रस जीवांची गोष्ट येते, आणि त्रस जीवांची संकल्पी हिंसा श्रावकाला वर्ज्य आहे. मावा किंवा पिठ्या ढेकूण आला की फवारा मारा, असं कुणीही सांगेल. मी मारत नाही. कीड येऊच नये यासाठी जेवढं करता येईल तेवढं करते. झाडं खेटून ठेवत नाही, वारा खेळता ठेवते, खताचा मारा करत नाही, कारण जास्त नत्र मिळालं की पानं मऊ लुसलुशीत होतात आणि कीड तिथेच बसते. मुंग्यांची रांग झाडावर चढू लागली की समजायचं, पिठ्या ढेकूण येणार, कारण तो गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या त्यासाठी त्याला सांभाळतात. तबक पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवलं तर मुंग्या येत नाहीत असं काही जणी करतात, पण त्या परातीत डास होतात आणि मुंग्या बुडतात. एकाला वाचवताना दुसऱ्याला मारण्यात काय अर्थ? मी झाड उचलून दुसरीकडे ठेवते, रोज मऊ कुंचल्याने कीड हळूच झटकते, फार भरलेली फांदी असेल तर ती कापून मागच्या मोकळ्या जागेतल्या गवतात नेऊन ठेवते. त्यातली सगळी कीड जगते असं मी म्हणणार नाही. पण मारायचं म्हणून मारणं आणि जपून हलवणं यात फरक आहे, आणि आपला धर्म त्या फरकावरच तर उभा आहे.

पाणी. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यात गच्ची तव्यासारखी तापते. दोन बोटं खोलीच्या तबकातली माती सकाळी भिजवली की दुपारी कोरडी. सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावंच लागतं, सूर्य मावळायच्या आत. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मी वाया घालवत नाही, तेच चालतं. तबकाखाली बशी ठेवत नाही, कारण साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांची अळी होते.

आणि इथेच माझ्या मते बोन्सायचा खरा धर्मप्रश्न आहे, कात्रीत नाही. जमिनीतलं झाड स्वतःचं पाणी स्वतः शोधतं. तबकातलं झाड शोधू शकत नाही. आपण त्याची ती शक्ती काढून घेतली, म्हणजे तेवढी जबाबदारी आपल्यावर आली. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. शिखरजीची यात्रा दहा दिवसांची, मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर, चातुर्मासात महाराजांच्या दर्शनाला दोन दिवस. तेवढ्यात कोण पाणी घालणार? याची सोय नसेल तर झाड आणू नका. छाटलेली फांदी पुन्हा फुटते, तहानेने मेलेलं झाड फुटत नाही. आमच्या ओळखीत एका घरी लग्नाच्या गडबडीत बारा दिवस गच्चीचं दार कुणी उघडलं नाही, आणि वीस-बावीस तबकं सुकून गेली. त्या घरात रात्री पाणीसुद्धा पीत नाहीत, एवढं आचरण कडक. मी कुणाचा न्याय करत नाही, पण हे मला विसरता येत नाही.

जपानमध्ये यामाकी घराण्यात पांढऱ्या पाइनचं एक झाड होतं. 1625 पासून त्याची तबकात जोपासना चालू आहे असं मानतात. 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथून साधारण तीन किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशाला होतं. वाचलं. 1976 मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं, ज्यांनी बॉम्ब टाकला त्याच देशाला, आणि बॉम्बचा उल्लेखही केला नाही. 2001 मध्ये नातवंडं वॉशिंग्टनला झाड बघायला गेली तेव्हा तिथल्या लोकांना ही हकीकत कळली. क्षमावाणीच्या दिवशी आपण जे तोंडाने म्हणतो, ते त्या घराने एका झाडाने करून दाखवलं. पण मला या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. तीनशे पन्नास वर्षं त्या झाडाला रोज कुणी ना कुणी पाणी घातलं. जन्म झाले, मरणं झाली, युद्ध झालं, पण पाणी चुकलं नाही.

आता संख्या. बोन्सायचं वेड वाढत जातं, हे मी पाहते आहे. आधी एक, मग पाच, मग लोखंडी मांडणी, मग पन्नास, मग माळी. त्यात स्पर्धा आल्या, बक्षिसं आली, "तुमच्याकडे किती?" आलं. दागिन्यांचं जे होतं तेच. काही जण तर डोंगरकड्यावर वाऱ्या-पावसात आपोआप खुरटलेली जुनी झाडं खणून आणतात, जपानीत त्याला यामादोरी म्हणतात. जे झाड तिथे सुखाने जगत होतं ते केवळ जुनं दिसतं म्हणून उपटायचं, याला माझा सक्त विरोध आहे. आणि दुकानात मिळणारं ते गलेलठ्ठ मुळांचं जिनसेंग फायकस, वर दुसऱ्याच जातीच्या पानांचं कलम केलेलं, त्याला तर मी बोन्साय म्हणतच नाही. तो शोभेचा माल.

परिग्रहपरिमाण आपण सोन्याचं करतो, साड्यांचं करतो (निदान करायचं ठरवतो!), मग कुंड्यांचं का नाही? माझं परिमाण अकराचं आहे. अकराच का, तर पहाटेच्या पूजेआधी मला अकरा झाडांकडे नीट बघता येतं, बाराव्यापाशी दूध उतू जातं. बारावं रोप भिंतीवरून उतरवलं की आधीचं एक मोकळं करायचं. सर्वांत जुनं, सर्वांत जोमदार जे असेल ते. माझ्या भावाच्या शेताच्या बांधावर आता अशी चार झाडं उभी आहेत, दोन वड, एक पिंपळ, एक उंबर, विहिरीपासून आणि घरापासून लांब. माणसं म्हणतात, इतकी वर्षं सांभाळलेलं देऊन कसं टाकवतं? मला तर तोच दिवस सगळ्यात आवडतो. तबकातून काढायचं, मुळांचा गुंता बोटांनी सोडवायचा, खड्ड्यात ठेवायचं. दुसऱ्या वर्षी जाऊन बघावं तर ओळख देत नाही.

एकीने विचारलं होतं, पंच उदुंबर आपल्याला वर्ज्य, मग तीच झाडं घरात कशाला? वड, पिंपळ, उंबर, पाकर, कठूमर. वर्ज्य आहेत ती त्यांची फळं, झाडं नव्हेत. आणि फळं का वर्ज्य, ते मुलांना दाखवायला यासारखं साधन नाही. बांधावर खाली पडून फुटलेलं उंबर नातवाला दाखवलं, तर आत चिलटासारखे बारीक जीव पळताना दिसले. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, कारण ते फळाच्या आतच असतं. एक बारीक वीण, म्हणजे त्या किड्याची मादी, फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते, तेव्हा परागीभवन होतं आणि आतच तिची पिल्लं वाढतात. वडाचा किडा वेगळा, पिंपळाचा वेगळा. आपल्या पूर्वजांनी भिंगाशिवाय हे पाहिलं होतं आणि त्यावरून नियम केला. आणि भगवान आदिनाथांना केवलज्ञान झालं ते वडाखालीच. त्या झाडाशी आपलं वैर कसं असेल?

नियम म्हणून एवढं पाळते: अष्टमी-चतुर्दशीला कात्री नाही. दसलक्षणात दहाही दिवस नाही. भाद्रपदात वड नेमका माजलेला असतो, फांद्या चहूकडे फुटतात, अनंत चतुर्दशीपर्यंत झाड न विंचरलेल्या डोक्यासारखं दिसतं. दिसू दे. पाणी मात्र उपवासाच्या दिवशीही.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी हाच मोसम. पहिले दोन मोठे पाऊस होऊ द्या. चुना भिजला की भेग सैल होते. रोप ओढू नका, मूळ आत तुटतं. खिळ्याने किंवा जुन्या सुरीने भोवतीचा चुना हलके उकरा, ओल्या गोणपाटात गुंडाळून खाली आणा. वरचा चीक वाहतो, त्यावर थंड पाणी शिंपडलं की थांबतो. लगेच तबकात नको, वर्षभर साध्या खोल कुंडीत राहू द्या. मग पुढच्या पावसाळ्यात खाली जाणारं जाड मूळ कापून आडव्या मुळांवर तबकात बसवायचं. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एकदा माती बदलायची आणि तिसरा हिस्सा मुळं काढायची. ज्यांच्या घरी सतत येणं-जाणं असतं त्यांनी मात्र वडाच्या नादी न लागता कुणाकडून जेडची एक काडी आणावी. मूळची दक्षिण आफ्रिकेची, पानात पाणी साठवते, चार दिवस विसरलात तरी रुसत नाही.

आमच्या बस्तीत सोमवारी रंगारी येणार आहे. मागच्या पन्हाळीशेजारी एक पिंपळ आहे, चार पानांचा, तांबूस शेंड्याचा. रविवारी सकाळी अभिषेक झाला की मी शिडी घेऊन जाणार आहे. माझ्याकडे अकरा पूर्ण आहेत, तेव्हा या वेळी बांधावर जायची पाळी पायरीजवळच्या थोरल्या वडाची. आणि तो पिंपळ कुणाला हवा असेल तर शनिवारपर्यंत सांगा, मग वडाला अजून एक वर्ष माझ्याकडे ठेवीन.